रशियन कुठे बोलतात, लाओ कुठे बोलतात, आणि पुस्तिका कोणत्या भाषेत छापायची

प्रश्न कोल्हापूर भागातल्या एका उद्योजकांचा आहे. त्यांचे शेतीचे पंप मध्य आशियात आणि आग्नेय आशियात पाठवायचं घाटतंय. त्यांनी विचारलंय, "वापरपुस्तिका रशियनमध्ये केली तर नेमक्या कोणत्या देशांत चालेल? आणि लाओ तर फक्त लाओसमध्ये बोलतात. एवढ्याशा देशासाठी वेगळं भाषांतर करण्यात अर्थ आहे का?"

तांत्रिक पुस्तिका आणि औषधांची माहितीपत्रकं निरनिराळ्या भाषांत करवून घेणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या दोन्ही भाषांशी बरीच वर्षं संबंध आला आहे. आधी थोडक्यात सांगते. जुन्या सोव्हिएत संघाचा सगळा नकाशा रशियनच्या नावावर मांडू नका, आणि लाओला लाओसच्या सीमेत कोंडू नका. लाओ बोलणारी माणसं लाओसमध्ये आहेत त्याच्या कितीतरी पट थायलंडमध्ये आहेत. रशियन मात्र जिथे जिथे "चालते" असं आपण ऐकतो, तिथे ती कोणत्या वयाच्या माणसांत आणि कोणत्या कामासाठी चालते हे जागोजागी वेगळं आहे. देशांची यादी समोर ठेवून भाषा निवडली की पैसे वाया जातात ते इथेच.

रशियनपासून सुरू करू. मातृभाषा म्हणून आणि दुसरी भाषा म्हणून बोलणारे सगळे धरले तर रशियन बोलणाऱ्यांचा आकडा साधारण 25 कोटींच्या घरात सांगितला जातो. त्यातले निम्म्याहून अधिक रशियातच आहेत. बाल्टिक किनाऱ्यावरच्या कालिनिनग्रादपासून कामचात्कापर्यंत 11 कालविभाग ओलांडले तरी शहरातल्या माणसाच्या बोलण्यात फारसा फरक पडत नाही. व्लादिवोस्तोकचा मेकॅनिक आणि मॉस्कोचा मेकॅनिक एकच पुस्तिका वाचतात आणि दोघांना ती सारखीच कळते. एवढ्या पसरलेल्या भाषेत एवढा सारखेपणा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. सैबेरियात आणि पूर्वेकडे रशियन माणसं गेल्या काही शतकांत जाऊन वसली, आणि नंतर शाळा, सैन्य, रेल्वे, रेडिओ या सगळ्यांनी एकच प्रमाण भाषा सगळीकडे नेली, म्हणून हे घडलं. रशियातच तातार, चेचेन, याकूत, तुवा अशा अनेक भाषा आहेत आणि आपापल्या प्रजासत्ताकांत त्यांना अधिकृत दर्जाही आहे. पण व्यवहाराच्या कागदाला तिथेही रशियन पुरते.

रशियाबाहेर पडलं की चित्र बदलतं. बेलारूसमध्ये 1995 च्या जनमतानंतर रशियन ही बेलारूसीच्या बरोबरीची राज्यभाषा झाली, आणि मिन्स्कच्या रस्त्यावर, दुकानात, कचेरीत प्रत्यक्षात रशियनच जास्त ऐकू येते. तिथे तुमची पुस्तिका निर्धास्त जाईल.

कझाकस्तानला थोडं थांबून पाहायला हवं, कारण तुमची मोठी गिऱ्हाइकी तिथेच असणार. तिथे राज्यभाषा कझाख आहे, आणि सरकारी कामात रशियनचाही अधिकृत वापर करायला 1995 च्या राज्यघटनेने जागा दिली. पण देश भाषेच्या बाबतीत एकसारखा नाही. उत्तरेला पेत्रोपाव्ल, कोस्तानाय, पाव्लोदार या पट्ट्यात रशियनचा जोर आहे. 1954 पासून पडीक जमिनी नांगराखाली आणण्याची सोव्हिएत मोहीम याच पट्ट्यात झाली आणि रशिया-युक्रेनमधून लाखो माणसं इथे आली. दक्षिणेला शिमकेंत, किझिलोर्दा इकडे घरात, बाजारात, शेतावर कझाख. आता पंप कुठे लागतात याचा विचार करा. कालव्याच्या पाण्यावरची शेती दक्षिणेला आहे. म्हणजे ज्या भागात पंप खपणार, त्याच भागात शेतकरी कझाख बोलणारा. विक्रेता आणि दुरुस्तीवाला रशियन वाचेल, पण ज्याच्या हातात पंप चालणार तो कझाख मजकुराकडे आधी वळेल.

इथे नियमही तुम्हाला सोडत नाहीत. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि आर्मेनिया हे युरेशियन आर्थिक संघात आहेत. यंत्रांसाठीच्या त्यांच्या तांत्रिक नियमानुसार वापरपुस्तिका रशियनमध्ये हवीच, आणि सदस्यदेशाच्या कायद्यात तशी अट असेल तर त्या देशाच्या राज्यभाषेतही हवी. तेव्हा एक रशियन पुस्तिका पाचही देशांत पाया म्हणून चालते, हे तुमच्या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर. कझाकस्तानसाठी कझाख मजकूर जोडायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून जोडायला गेलं की चित्रांची, तक्त्यांची मांडणी सगळी नव्याने करावी लागते.

किर्गिझस्तानात राज्यभाषा किर्गिझ आणि अधिकृत भाषा रशियन अशी दोन पातळ्यांवरची व्यवस्था आहे. राजधानी बिश्केकमध्ये रशियन सर्रास चालते. दक्षिणेला ओश भागात मात्र किर्गिझ आणि उझबेक. या शहराशी महाराष्ट्राचा आता थेट संबंध आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्याकडची बरीच मुलं तिथे जातात, आणि त्यांचे आईवडील मला विचारतात की रशियन शिकली की भागेल ना? वर्गात शिकवणं इंग्रजीत होतं. वॉर्डात गेल्यावर मूल पाठ केलेलं "ग्द्ये बलीत?" विचारतं, म्हणजे कुठे दुखतंय. पन्नाशीचे निवृत्त मास्तर असतील तर अस्खलित रशियनमध्ये सगळा इतिहास सांगतात. शेजारच्या खाटेवर डोंगरातल्या खेड्यातून आलेली आजी असते, ती उझबेक किंवा किर्गिझमध्ये बोलत राहते आणि मधे मधे एखादा रशियन शब्द येतो तेवढाच. म्हणून मी पालकांना सांगते की बिश्केकला जायचं असेल तर रशियन मन लावून शिकवा, ओशला जायचं असेल तर रशियनसोबत किर्गिझचे रोजचे प्रश्नोत्तरही शिकवा. रशियातल्या कझानला गेलेल्या मुलाला ही अडचण येत नाही. तातार ही तिथली अधिकृत भाषा असली तरी रुग्णालयाचं काम रशियनमध्येच चालतं.

ताजिकिस्तानने रशियनला निरनिराळ्या समाजांमधल्या संपर्काची भाषा म्हणून घटनेत जागा दिली आहे. पण तिथे रशियन टिकवून धरली आहे ती रोजगाराने. दर वर्षी लाखो ताजिक, उझबेक आणि किर्गिझ माणसं बांधकामावर, बाजारात, टॅक्सीवर काम करायला रशियात जातात. त्यामुळे शाळेत रशियन नीट न शिकलेला तरुणही दोन-चार वर्षांत कामापुरती बोलायला शिकतो. बोलतो चांगली, वाचताना अडखळतो. पुस्तिकेच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. अशा गिऱ्हाइकासाठी लांब परिच्छेद काढून आकृत्या वाढवा. उझबेकिस्तानात ताश्कंदमध्ये रशियनवर काम निघतं, बाहेर उझबेकशिवाय गत्यंतर नाही. तुर्कमेनिस्तानात रशियनचं स्थान यापेक्षाही उतरलं आहे.

पश्चिमेकडे जायचं असेल तर रशियन पुस्तिका नुसती निरुपयोगीच नव्हे, तुमच्या मालाचं नुकसानही करू शकते. युक्रेनच्या पूर्व आणि दक्षिण भागात लाखो लोकांच्या घरची भाषा रशियन होती, अजूनही काहींची आहे. पण 2019 च्या राज्यभाषेच्या कायद्याने ग्राहकासाठीची माहिती युक्रेनियनमध्ये देणं बंधनकारक केलं, आणि 2022 च्या आक्रमणानंतर कित्येक कुटुंबांनी ठरवून घरातली भाषा बदलली. ज्यांच्या शहरावर बॉम्ब पडले त्यांच्या हातात रशियन पुस्तिका ठेवू नये. तिथे युक्रेनियनच द्या. लाटव्हियात रशियन बोलणारे मोठ्या संख्येने आहेत, एस्टोनियाच्या नार्व्हा शहरात तर बहुसंख्य तेच. पण 2012 मध्ये लाटव्हियात रशियनला दुसरी राज्यभाषा करायची का यावर जनमत झालं, आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी नकार दिला. दोन्ही देश आता शाळाही पूर्णपणे आपल्या भाषेकडे नेत आहेत. बोलणारे भरपूर आणि अधिकृत दर्जा शून्य, असं हे उदाहरण. मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियात नेमकं उलट आहे. तिथे रशियन अधिकृत आहे, पण त्या प्रदेशाला देश म्हणून मान्यता नाही.

रशियन दूरवर नेली ती फक्त रशियन लोकांनी नाही, ही गोष्ट मला या भाषेच्या भूगोलात सर्वांत लक्षात घेण्यासारखी वाटते. 1937 मध्ये अतिपूर्वेच्या कोरियन लोकांना आणि 1941 मध्ये व्होल्गाकाठच्या जर्मनांना स्टालिनच्या राजवटीने उचलून मध्य आशियात आणि सैबेरियात टाकलं. पिढी-दोन पिढ्यांत त्यांची घरची भाषा रशियन झाली. पुढे हे जर्मन मोठ्या संख्येने जर्मनीला परतले ते रशियन बोलतच. आज जर्मनीतल्या अनेक शहरांत रशियन दुकानं दिसतात ती यांच्यामुळे. 1989 नंतर सोव्हिएत संघातून सुमारे दहा लाख लोक इस्रायलला गेले, आणि तिथल्या औषधांच्या दुकानांत, बँकांत रशियन ऐकू येऊ लागली. न्यूयॉर्कचं ब्रायटन बीच तर रशियन बोलणाऱ्यांच्या वस्तीसाठी प्रसिद्धच आहे. नॉर्वेच्या अखत्यारीतल्या स्वालबार बेटांवर बारेंट्सबुर्ग नावाची कोळशाच्या खाणीची वस्ती आहे, तिथेही बोलणं रशियनच. आपल्या गोव्यात मोरजी, हरमल भागातल्या खानावळींच्या पाट्यांवर रशियन अक्षरं दिसतात ती मात्र पर्यटकांसाठी. हंगाम संपला की ती भाषा तिथून निघून जाते, म्हणून तिला "बोलली जाते" या सदरात मी धरणार नाही.

आता लाओ. तुमचा खरा गैरसमज इथे आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही.

लाओसची लोकसंख्या आज पाऊण कोटीच्या आसपास. त्यातही सगळ्यांची मातृभाषा लाओ नाही. 2015 च्या जनगणनेत लाओ वंशाचे लोक 53 टक्क्यांच्या जवळपास होते. बाकी डोंगरातले खमू, ह्मोंग आणि इतर अनेक समाज, ज्यांतल्या बऱ्याच जणांच्या भाषा लाओच्या कुळातल्याही नाहीत. शाळेत आणि बाजारात ते लाओ वापरतात, घरी आपापली. म्हणजे लाओसमध्ये लाओ मातृभाषा असणारे चाळीस लाखांच्या आसपास.

मेकाँग ओलांडा. पलीकडे ईशान्य थायलंड, ज्याला इसान म्हणतात. 20 प्रांत, दोन कोटींहून जास्त वस्ती. सुरिन, बुरीराम, सी साकेत या दक्षिणेकडच्या प्रांतांत ख्मेर आणि कुई बोलणारे बरेच आहेत, नाखोन रात्चासिमामध्ये कोरात पद्धतीची थाई आहे. पण बाकीच्या भागात, उदोन थानी, खोन काएन, रोई एत, उबोन रात्चथानी इकडे, गावोगाव जी भाषा बोलतात ती लाओच. तिकडे तिला इसान म्हणतात, थायलंडचं सरकार तिला बराच काळ थाईची बोली म्हणत आलं आहे. नोंग खाईचा शेतकरी पंप बिघडला की "नाम बॉ मा" म्हणेल, म्हणजे पाणी येत नाही. पुलापलीकडच्या व्हिएंतियानमधला शेतकरीही अगदी हेच म्हणेल. बँकॉकचा माणूस "नाम माय मा" म्हणेल. पाणी तेच, येणं तेच, पण नकाराचा शब्द वेगळा. असे फरक रोजच्या बोलण्यात पदोपदी येतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी नोंग खाई व्हिएंतियानच्या बाजूला उभं असतं.

हे असं झालं कारण मेकाँग ही मुळात सीमा नव्हती. 1353 मध्ये फा न्गुमने उभं केलेलं लान सांग राज्य नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं होतं. पुढे सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, जोर वाढला. व्हिएंतियानचा राजा आनुवोंग याने सयामविरुद्ध उठाव केला, तेव्हा 1827-28 मध्ये सयामी फौजांनी व्हिएंतियान उद्ध्वस्त केलं आणि डाव्या काठावरची, म्हणजे आजच्या लाओसकडची, हजारो माणसं उजव्या काठावर आणि पार मध्य थायलंडपर्यंत नेऊन वसवली. सराबुरी, रात्चबुरी भागात त्यांची गावं आजही ओळखली जातात. मग 1893 मध्ये फ्रेंचांनी सयामकडून डावा काठ घेतला आणि नदी ही दोन सत्तांमधली रेषा झाली. लाओ बोलणारे बहुसंख्य लोक त्या रेषेच्या सयामकडच्या बाजूला राहिले. 1904 मध्ये सायाबुरीचा उजव्या काठावरचा तुकडा फ्रेंचांकडे आला आणि तो आज लाओसमध्ये आहे. त्याच वर्षी स्तुंग त्रेंग लाओसमधून काढून कंबोडियाला जोडलं गेलं, म्हणून कंबोडियाच्या त्या कोपऱ्यातही लाओ ऐकायला मिळते.

तुमच्या कामाला अडणारी गोष्ट लिपीची आहे. इसानमध्ये पूर्वी लाओच्या जवळची जुनी लिपी वापरात होती. थायलंडने 1921 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते थाई भाषेत आणि थाई लिपीत, आणि पुढच्या राष्ट्रवादी राजवटींनी "लाओ" ही ओळखच पुसण्याचा प्रयत्न केला. परिणाम असा की आज इसानमधली माणसं लाओ बोलतात आणि थाई लिहितात. आपली बोली लिहायची वेळ आली, गाण्याचे शब्द असोत की मोबाइलवरचा निरोप, तरी ती थाई अक्षरांतच लिहितात. एक भाषा, दोन देशांत दोन लिप्या. कोकणी गोव्यात देवनागरीत आणि रोमीत लिहितात, मंगळूरला कन्नड लिपीत, साधारण तसंच. लाओसमधल्या पुष्कळ लोकांना थाई वाचता येतं, कारण थाई दूरचित्रवाणी आणि मालिका लहानपणापासून घरात असतात. उलट दिशेने हे होत नाही. थायलंडमधल्या माणसाला लाओ लिपी शिकल्याशिवाय वाचता येत नाही. म्हणून लाओसाठी छापलेली पुस्तिका तुम्ही उदोन थानीला पाठवलीत तर ज्याची ती भाषा आहे त्यालाच ती वाचता येणार नाही.

आणि लाओमध्ये रशियनसारखा सारखेपणा नाही. लुआंग प्रबांग, शियांग ख्वांग, व्हिएंतियान, सावन्नाखेत, चाम्पासाक, प्रत्येक भागात शब्दांचे सूर बदलतात. ही सुरांची भाषा आहे, सूर बदलला की अर्थ बदलतो. लिहिलेल्या मजकुरात अडचण नाही, व्हिएंतियानची पद्धत सगळीकडे चालते. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आवाज कुठला हे ठरवावं लागतं.

लाओसबाहेरच्या लाओ वस्तीचाही उल्लेख करायला हवा. 1975 मध्ये लाओसमध्ये साम्यवादी सत्तेवर आले आणि लाखो लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या निर्वासित छावण्यांत गेले. तिथून अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास, मिनेसोटा इथे त्यांच्या वस्त्या आहेत. यातले बरेच लोक ह्मोंग असल्यामुळे "लाओसहून आलेले" आणि "लाओ बोलणारे" या दोन गटांची गल्लत सरकारी कागदांतही होते. शेतीपंपाशी यांचा संबंध नाही, पण औषधाच्या माहितीपत्रकांचं काम करताना ही गल्लत मला वारंवार निस्तरावी लागते.

या दोन भाषांची प्रत्यक्ष गाठ लाओसमध्येच पडते. 1975 नंतर लाओसमधले कित्येक विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर सोव्हिएत संघात शिकून आले. व्हिएंतियानच्या सरकारी खात्यांत साठीच्या आसपासचे असे अधिकारी भेटतात, आणि जुन्या सोव्हिएत यंत्रांबद्दल ते रशियन शब्दांतच बोलतात. त्यांच्या मुलांना रशियन येत नाही. पण एखाद्या जलसिंचन खात्यात जुने अभियंते असतील तर तुमची रशियन प्रत सोबत ठेवायला हरकत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी मी काम असं लावीन. रशियन पुस्तिका आधी करा, ती रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान, आर्मेनिया या पाचांसाठी पाया. कझाखचं भाषांतर त्याच वेळी सुरू करा. उझबेकिस्तानात माल जाणार असेल तर उझबेक लॅटिन लिपीत घ्या. जुन्या सिरिलिक लिपीतला, म्हणजे रशियनसारख्या अक्षरांतला, मजकूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी तो विकत घेऊ नका, शाळेतून लॅटिन शिकलेला तरुण वाचक तो बाजूला ठेवेल.

लाओसाठी लाओ लिपीतली छोटी पुस्तिका करा, मोठी नको. या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे बरीच सॉफ्टवेअरं ओळ भलत्याच ठिकाणी तोडतात आणि मजकूर वाचणाऱ्याला अडखळायला होतं. छापण्याआधी प्रत्येक पान लाओ वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. थायलंडसाठी छापील मजकूर थाईतच द्या, तिथे विक्रीच्या मालाला तेच लागतं. मात्र पंप कसा बसवायचा, हवा कशी काढायची, मोटर गरम झाली तर काय करायचं, याचा एक चित्रफितीचा भाग इसानच्या बोलीत करून घ्या. आवाज खोन काएन किंवा उदोनचा घ्या. तो व्हिएंतियानकडच्या शेतकऱ्यालाही सहज समजेल, म्हणजे एकाच खर्चात मेकाँगचे दोन्ही काठ निघतील. चित्रफितीवर लेखी सूचना टाकायच्या असतील तर थायलंडसाठी थाई अक्षरांत आणि लाओससाठी लाओ अक्षरांत, अशा दोन प्रती काढा. आवाज दोन्हींत तोच राहू द्या.